झाकण उघडायचं नाही

श्रावण सरत आला की आमच्या घरात
माणसांपेक्षा नारळ जास्त होतात.
जिन्याखाली, दिवाणाखाली,
माझ्या नोकरीतल्या पिवळ्या हेल्मेटातसुद्धा दोन.
रत्नप्रभा पहाटे चारला खवायला बसते
आणि मी, महावितरणचा निवृत्त लाईनमन,
पस्तीस वर्षं खांबावर काढलेला माणूस,
खाली फरशीवर बसून गूळ चिरतो.

"बारीक. खडा राहिला तर पारी फाटतीया."
बघत नाही ती. विळीच्या आवाजावरून कळतं तिला.

उकड मात्र कुणाच्या हातात देत नाही.
पाण्याला आधण, लोणी, मीठ,
आंबेमोहराची पिठी एका दमात,
वर झाकण, दोन वाफा.
मग गरम असतानाच मळायची.
तिचे तळवे लालबुंद होतात,
मी रबरी हातमोजे पुढे केले होते एकदा, खात्याचे, अकरा हजार व्होल्टचे.
अजून ती बहिणींना सांगून हसते.

फ्रीझर शाहूपुरीतल्या एका आइस्क्रीमवाल्याचा,
दुकान बंद केलं तेव्हा साडेआठ हजाराला दिला.
अंगावर अजून तिरका कोन, कोनावर चेरी,
आणि आत कच्चे मोदक,
ताटात एकमेकांपासून बोटभर लांब.
"आधी सुटे गोठू द्यात.
मग पिशवीत कितीबी चिकटून बसू देत, चालतंय."
हे ती मोदकांबद्दल बोलत होती.
मला लग्नानंतरची दोन वर्षं आठवली,
मी गगनबावड्याच्या लाईनवर, ती इथं सासूजवळ.
काही बोललो नाही.
पिशवीवर तारीख घातली, लॉगबुकात घालायचो तशी,
वेळेसकट.

एक मोदक मीही केला.
पण ह्या बोटांना तारेची सवय,
कळ्या पाडायला जावं तर पीळच बसतो.
सात कळ्या, त्याही एका बाजूला कललेल्या.
तिनं तो कडेला ठेवला, गिऱ्हाइकांपासून लांब.

मंगळवारी रात्री सव्वानऊला लाईट गेली.
गच्चीवरून बघितलं, रंकाळ्यापर्यंत काळोख.
म्हणजे फ्यूज नव्हे, फीडर.
सबस्टेशनला फोन लावला. नवा पोरगा, आडनाव चौगले.
"काका, केबल गेलीय, खणाय लागतंय. सकाळ हुईल."
हे वाक्य मी हजार लोकांना ऐकवलंय.
ऐकणाऱ्याच्या बाजूनं ते एवढं लांब असतं
हे माहीत नव्हतं.

तीस घरांचे एकवीस-एकवीस, वर दहा.
सहाशे चाळीस.
चतुर्थीला चार दिवस.

रात्री तीनदा उठलो.
तिसऱ्यांदा झाकणाला हात लावला
तर अंधारातून आवाज,
"उघडायचं नाही. आत हाय तवर ती थंडी आपली हाय."
मग स्वतःच उठली,
तिच्या आईच्या लुगड्यांची गोधडी
फ्रीझरवर घातली, चारी बाजूंनी खोचली,
तापलेल्या पोराला घालतात तशी,
आणि त्याला टेकून तिथंच बसली.
मी पलीकडून टेकलो.
पत्रा पाठीला गार लागत होता.
गार लागतोय तोवर बरं चाललंय,
असं दोघंही न बोलता तपासत राहिलो.

साडेदहाला कॉम्प्रेसर घरघरला.
तिनं तरी दुपारपर्यंत हात लावू दिला नाही.

वरच्या ताटातले नऊ सैल पडले होते,
नाकं उघडून सारण डोकावत होतं.
ते लगेच हळदीच्या पानावर उकडले,
तूप ओतून उभ्या उभ्याच खाल्ले आम्ही,
जीभ भाजली, कुणी थांबलं नाही.

खालचे सगळे टणक, सुपारीसारखे.
वरच्या ताटात, अगदी कडेला, माझाही.
तिनं दोन बोटांत धरून उजेडाकडे फिरवला.
"जॉइंट बरा मारलाय," म्हणाली,
परत ठेवला,
झाकण लावलं.